बाजूला बसलेल्या बाया

पिंपळवंडीच्या प्राचीला लहानपणी गोजरकाकीची पाळी म्हणजे सण वाटायचा. काकी पडवीत बाजूला बसली की तिला चूल नाही, पाणी भरणं नाही. मग दुपारभर गोष्टी चालायच्या. लेण्याद्रीकडचे डोंगर निळे होत जायचे, काकीचा आवाज झोपाळल्यासारखा व्हायचा आणि प्राचीला वाटायचं, ही दुपार संपूच नये.

वय झालं तशी काकीची पाळी गेली. दोन-तीन वर्षांनी परत रक्त दिसू लागलं आणि काकी निमूटपणे पडवीत जाऊन बसली. महिन्यातून कितीदा तरी. घरात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही; प्राचीला तर आनंदच झाला. पोरच ती! ते दुखणं कॅन्सरचं होतं हे कळलं, तेव्हा काकीनं अंथरूण धरलं होतं.

तो आनंद प्राचीला अजून डाचतो. एम.एस्सी. झाल्यावर हातची नोकरी सोडून तिनं पीएच.डी.ला बायकांच्या कॅन्सरचाच विषय घेतला. "लग्नाच्या वयात हे काय भलतंच?" घरचे म्हणाले. ती ऐकतेय कसली!

अभ्यासासाठी ती आंबेगावच्या डोंगरातल्या एका वाडीवर गेली. ऐसपैस जागा म्हणून कॅन्सर-तपासणीची नावनोंदणी देवळाच्या सभामंडपात ठेवली; तपासणीला नर्सबाई शेजारच्या शाळेत. बाया आल्या, लाजल्या, एकमेकींना ढकलत तपासून घेऊन गेल्या. त्रास एकीलाही नव्हता. बाहेर हिरड्याच्या पानांतून ऊन हलत होतं, आणि सगळी वाडीच ठणठणीत आहे या खुशीत प्राची तरंगत होती.

पाय मोकळे करायला ती बाहेर आली. आवाराच्या भिंतीपलीकडे, हिरड्याखाली चार-पाच बाया बसल्या होत्या.

"आत का नाही आलात?"

"देवळात कसं यायचं, पोरी?" त्यांच्यातली साठीची ठमाबाई म्हणाली. "माज्या अंगावरनं जातंय. आखाडापासनं."

काय म्हणावं या शहाण्या प्राचीला! जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच नेमकं दाराबाहेर बसवलं होतं.

तिनं स्वतः नावनोंदणीचं टेबल उचलून झाडाखाली आणलं. ठमाबाईला उठवायला हात पुढं केला.

"शिवू नगो. देवळातनं आलीस तू."

"असू दे, आजी," म्हणत प्राचीनं तिचा दंड धरला आणि दोघी शाळेकडं निघाल्या. पायरीपाशी ठमाबाई थबकली.

"खरं सांग. उशीर तर न्हाई ना झाला?"

'नाही' म्हणायला प्राचीचा जीव तुटत होता. पण खोटं बोलवेना.

"माहीत नाही, आजी."

ठमाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मंग आनखी उशीर कशापायी करायचा? चल."

आणि ती प्राचीच्या आधी पायरी चढली.