उभी राहिलेली बाई

कुंभकोणमहून तिरुप्पनंदाळला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. तमिळनाडूच्या निवडणुकांवरच्या माझ्या लेखाबद्दल मी पुण्याच्या मित्राशी फोनवर मराठीत बोलत होतो. फोन ठेवताच ती, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी माणसं बोलतात तशा जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "मीही उभी होतें. अपक्ष."

तिने पदराने चष्मा पुसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. एका बातमीच्या साइटवर लिहिलं होतं, की तिने अर्ज मागे घेतला. गावाने तेच खरं धरलं होतं. ती विकली गेली, असंही लोक मागे बोलत.

"मज पाडलें, तें चालतें," ती शांतपणे म्हणाली. "पण मी उभीच नव्हतें म्हणतात. तें कसें सोसूं?"

निवडणूक विभागाच्या सरकारी साइटवर मी तिच्या मतदारसंघाचा निकाल शोधून काढला. पार खाली तिचं नाव होतं आणि पुढे तिला पडलेली मतं. ते पान मी तिच्या फोनवर पाठवलं. तिने आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तोवर माझ्या लेखी असं नाव म्हणजे निकालातली वगळण्याजोगी ओळ होती.

"आमच्या घरांत इतकीं माणसें नाहींत," ती म्हणाली, आणि हसली.