नानाने न घातलेलं गाऱ्हाणं

माझा बाप, दगडू नाना, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेतो. पण शेअर बाजार पडला की हाच माणूस निवांत सुपारी कातरत बसतो. आमच्या गाववाल्यांना नेमकं हेच खटकायचं. मला मात्र त्या गाववाल्यांचाच संताप येतो, आणि पाच वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

कॉटन ग्रीनला आमच्या गावाची एक खोली आहे. गावाहून मुंबईला येणारे पुरुष तिथे पथारी टाकतात, पाऊणशे वर्षं झाली. मुलींसाठी काहीच नाही. कॉलेजला पोरगी आली की ती नातेवाइकांच्या दारात उभी. म्हणून २०१० साली नानाने घराघरातून महिन्याला शंभर-दोनशे काढायला लावले आणि मुलींच्या खोलीसाठी म्युच्युअल फंड सुरू केला, तीन गाववाल्यांच्या नावावर. त्यात एक नाना. पंधरा वर्षं हात लावायचा नाही, असं ठरलं.

मग २०२०चा मार्च आला. रोगाच्या बातम्या, टीव्हीवर लाल आकडे, आणि जो तो मोबाइल नाचवत खोलीवर हजर. दहा वर्षांत एकानेही फंडाचा कागद उघडून बघितला नव्हता, त्यांना त्या आठवड्यात सगळं कळायला लागलं. "गिरणीवाल्यांनी बुडवलं, आता हा बुडवणार," बाबुराव म्हणाला. हा त्या तिघांतला दुसरा. मी चहाचे पेले घेऊन दारात उभी होते, अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

नाना शांतपणे म्हणाला, "गिरणी बंद पडली तेव्हा दोन वर्षं मी रोज गेटवर जाऊन बसलो. तो मूर्खपणा होता, कबूल. पण इथलं गेट बंद झालेलं नाही रे. पैसे आज लागणारेत का? पाच वर्षांनी लागणार. मग आज कशाला काढताय?"

ऐकतो कोण. आमच्याकडे निर्णय झाला की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि मग तो शब्द मोडायचा नसतो. गाऱ्हाण्याचा मान नानाचा. तो जागचा हललाच नाही. तर बाबुरावाने घातलं. आणि माझ्या बापाने मुकाट्याने पैसे काढायच्या कागदावर सही केली. तिघांतली एक सही नसती तर एक पैसा हलला नसता. घरी येऊन मी भांडले. म्हणाला, "देवापुढे शब्द गेला." मी म्हटलं, "देवाला काय घाई होती?" आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही.

वर्षभरात बाजार सावरला, नंतर आणखी वर गेला. बँकेत टाकलेले पैसे होते तिथेच रांगत राहिले, आणि खोल्यांचे भाव काही त्यांच्यासाठी थांबले नाहीत. "कोणाला ठाऊक होतं?" असं बाबुराव तोंड वर करून म्हणायचा. अहो, नानालाही ठाऊक नव्हतं. तो फक्त थांबायला तयार होता.

यंदा गावाहून श्रेया आली, नर्सिंगला. आमच्या लालबागच्या एका खोलीत ती ओट्याला लागून झोपते आणि पंचाहत्तर वर्षांचा नाना बाहेर गॅलरीत. हे बघून खोली चालवणाऱ्या आमच्या गावच्या मंडळाला लाज वाटली असावी. फंड परत सुरू करायचं ठरलं. बाबुराव स्वतः घरी आला, म्हणाला, "नाना, ह्या वेळी गाऱ्हाणं तुम्हीच घाला."

नाना गेला, श्रेयाला घेऊन. मीही गेले, पण ह्या खेपेला चहा केला नाही. नानाने तिला देवासमोर बसवलं, नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची खोली आमी टीव्ही बघान इकली. सही माजी आसा."

खोलीत तीस माणसं होती. एकानेही तोंड उघडलं नाही. बाबुराव नारळाकडे बघत राहिला.

मग नानाच म्हणाला, "व्हय म्हाराजा."