माझ्या दवाखान्यातलं स्टूल

"बाई, जरा तिकडं बसा," नगरहून आलेले मोठे डॉक्टर म्हणाले आणि माझ्याच दवाखान्यात माझ्या खुर्चीत बसले. मी पेशंटच्या स्टुलावर. कर्जतचा बाजार करून आलेली माणसं बाकड्यावरनं बघत होती.

बोलावलं होतं मीच. फॅमिली डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यातच, समोरच्या पेशंटवर शिकवायचं, अशी योजना निघाली होती. हॉटेलातली भाषणं ऐकायची, जेवायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, याला मी विटले होते. शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमा मला नीट शिकायच्या होत्या. लई आशेनं नाव दिलं होतं.

ऊसतोडीहून परतलेल्या सखूमावशी पाय दाखवायला आल्या. डॉक्टरांनी पट्टी सोडलीसुद्धा नाही. मलाच विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"अच्छा. कोट्यातून." मग मावशींकडं वळले. "इथं राहिलात तर पाय जाईल. आमच्या हॉस्पिटलची गाडी खाली उभी आहे."

शिकवायला आलेला माणूस गाडी कशाला आणतो, ते मला तेव्हा कळलं.

माझे आईबापही तोडीला जायचे. मुकादम आमच्या पाचटाच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आला की आई बाज सोडून भुईला बसायची. मला तेच आठवलं. एवढं शिकून मीही उठून बाजूलाच बसले होते. अंगाची आग आग झाली.

मावशी त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. "डॉक्टरीणबाई, तुमी सांगा. जाऊ का न्हाई?"

मी उभी राहिले. "सर, खुर्ची सोडा. जखम बघून शिकवणार असाल तर स्टुलावर बसा."

"तुम्हा लोकांना शिकायचंच नसतं," म्हणाले. बॅग उचलली आणि गेले.

पट्टी मी सोडली. जखमेतलं काही कळलं, काही नाही कळलं. राहात्याला माझी मैत्रीण आहे, तीही फॅमिली डॉक्टर. मावशींना विचारून तिला व्हिडिओवर पाय दाखवला. दोघींनी बोलून उपचार ठरवले. मावशींचा पाय शाबूत आहे. तेव्हापासून आम्ही दोघी दर आठवड्याला एकमेकींचे अवघड पेशंट असेच बघतो.

काल योजनेवाल्यांचा परत फोन आला. "यावेळी दुसरे सर पाठवतो मॅडम." मी विचारलं, कुठल्या हॉस्पिटलचे? गाडी आणणार का? "विचारून सांगतो मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

या म्हटलं. मला शिकायचंच आहे, इथंच, माझ्या पेशंटसमोर. स्टूल पुसून ठेवलंय. खुर्चीतून मी उठणार नाही.