नसीमबाईंचा उंदीर

नसीम तांबोळींनी आयुष्यात एक गोष्ट अशी पाहिली होती, जी दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. ती म्हणजे उंदराची पाठ.

हा उंदीर कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. राखाडी ठिपक्यांचं अंग आणि मागे एक रेघ, तीच शेपटी. तो गोदामात शिरायचा, पोती कुरतडायचा, मागे मांजर लागायची. एक गोदाम संपलं की पुढचं. शेवटच्या गोदामातलं शेवटचं पोतं कुरतडून झालं की भिंतीत दार उघडतं, उंदीर पाठ फिरवून बाहेर जातो, बाहेर मोकळं रान असतं आणि वर चांदण्या. हे नसीमबाईंनी हडपसरच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात, अकाउंट्स सेक्शनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत एकटीने पाहिलं. तेव्हा त्या तिशीत होत्या. आता पासष्टी उलटली, कारखान्याच्या जागी जिमवाला टॉवर उभा राहिला, पण नसीमबाईंनी हे पाहिलं होतं यावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

त्या काळी सेक्शनमध्ये कॉम्प्युटर एकच होता. त्याला स्वतंत्र खोली होती, खोलीला एसी होता आणि माणसांना पंखा. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. बसवायला आलेल्या माणसाने जाताना त्यात हा खेळ ठेवला होता. इंग्रजी नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘उंदीर’ म्हणायचे. सगळे खेळायचे आणि कुणीही खेळत नसायचं. खेळ संपला की तीन अक्षरांत नाव लिहायला जागा यायची. वरच्या साहेबांनी कधी पाहिलं तर कुणी एकटा सापडू नये म्हणून सगळे एकच लिहायचे, ACC. वरपासून खालपर्यंत यादीत अकाउंट्सच. पाप असं वाटून घेतलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही. फक्त पुढे कधी पुण्य केल्याचा पुरावा द्यायची वेळ आली, तर तोही सापडत नाही.

सेक्शनचे प्रमुख अनंतराव मुजुमदार. ते सहाव्या गोदामापर्यंत पोचले होते. सहाव्या गोदामातल्या मांजरीपुढे कुणाचंच काही चालायचं नाही. त्यामुळे सहाव्याच्या पुढे काही नाही, खेळ तिथेच अडकवून ठेवलाय, असं मुजुमदारांचं मत होतं. ते जिथे पोचले नाहीत तिथे काही असू शकतं ही कल्पना त्यांना बढतीच्या बाबतीतही पटली नव्हती.

निवृत्तीनंतर जुनी मंडळी महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका उपाहारगृहात जमू लागली. तिथे भिंतीवर पाटी आहे : ‘चहा संपल्यावर गप्पाही संपवाव्यात.’ मंडळी म्हणून चहा पुरवून पुरवून पितात. आधी कोण गेलं याची चौकशी, मग गुडघे, मग सुना, आणि सगळं संपलं की उंदीर.

“नसीमबाई, तुमच्या त्या उंदराला चंद्र दिसला होता ना हो?” मुजुमदार विचारायचे.

“चांदण्या, साहेब.”

“हां, चांदण्या. चंद्र आपण पुढच्या महिन्यात घेऊ.”

मंडळी हसायची. नसीमबाईही हसायच्या, पण त्यांचा चहा तेवढ्यात गार व्हायचा. या टेबलावर त्यांची ओळख आता एवढीच उरली होती. तीस वर्षं बिनचूक पगारपत्रकं काढली, तो विषय कधी निघत नसे.

मागच्या वेळी मुजुमदारांनी हद्द केली. बशी बाजूला सारून म्हणाले, “आता असं करू. पुढच्या वेळी एक तर दाखवा, नाही तर हा विषय कायमचा मिटवू. आपल्यातली हसणारी माणसंही कमी होत चाललीत.”

“कॉम्प्युटर भंगारात गेला की हो साहेब,” रुपाली दांडेकर म्हणाल्या. या पूर्वीच्या टायपिस्ट. “कशावर दाखवणार त्या?”

“तेच म्हणतोय मी,” मुजुमदार म्हणाले आणि बिल मागवलं.

नसीमबाई कोंढव्याला घरी आल्या. बुरख्याचा हुक सोडतानाच त्यांनी ठरवलं होतं. दुपारी चष्मा चढवून फोनवर शोधायला बसल्या. खेळाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण तो सुरू करायला काळ्या पडद्यावर कुठली चार अक्षरं टाइप करायची ते बोटांना पाठ होतं. बोटांनी ती टाकली. जुन्या खेळांची कबरस्तानं सांभाळणाऱ्या कुठल्याशा साइटवर उंदीर सापडला. मेलेली माणसं एवढ्या सहज सापडत नाहीत हे चांगलंच आहे, असं त्यांना वाटून गेलं.

पण खेळ फोनला कळेना. मग एका व्हिडिओतून समजलं की एम्युलेटर नावाचं ॲप घ्यायचं, ते फोनच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करतं. म्हणजे फोन तेवढ्यापुरता आपण फोन असल्याचं विसरतो आणि तीस वर्षांपूर्वीचा ठोकळा असल्यासारखा वागतो. नसीमबाईंना यात अवघड काही वाटलं नाही. दर पहिल्या रविवारी तेच तर चालायचं.

त्यांचे मिस्टर हमीद, पीएमटीचे निवृत्त ड्रायव्हर, पलीकडे खुर्चीत लसूण सोलत होते.

“काय चाललंय?”

“फोनात कॉम्प्युटर बसवतेय.”

“आणि त्या कॉम्प्युटरात?”

“उंदीर.”

“घरात एक आहे. आधी त्याला पिंजरा लाव.”

पहिल्यांदा उंदीर पडद्यावर आला आणि दिसण्याआधीच मेला. आजचा फोन एवढा वेगवान की मांजर नुसता एक ओरखडा होऊन गेली. ॲपमध्ये वेग कमी-जास्त करायची सोय होती. ती खाली आणत आणत त्यांनी मांजरीला कारखान्यातल्या चालीवर आणलं. ती चाल त्यांना ओळखू आली, तसं दुपारी दोनला एसीच्या खोलीत यायची ती धुळीच्या आणि प्लॅस्टिकच्या वासाची गार हवासुद्धा ओळखू आली. पडद्यावरच्या बाणांवर अंगठा ठेवून त्या खेळू लागल्या. एक गोदाम, दोन, पाच. सहाव्यात मेल्या.

मग रोज दुपारी त्या सहाव्यात मरत राहिल्या. मांजर कोपऱ्यावरून यायची आणि संपलं. अंगठा जाडा म्हणावा, तर फोनला कीबोर्ड जोडूनही तेच. आठवडाभर हे झाल्यावर एका दुपारी त्यांनी फोन उशीखाली सरकवला आणि नुसत्या बसून राहिल्या. मुजुमदारांचंच खरं असेल तर? एवढी वर्षं आपण जे सांगत आलो ते एखाद्या पेंगलेल्या दुपारचं स्वप्न असेल तर? माणसाकडे स्वतःचं असं किती थोडं असतं, आणि त्यातलंही एखादं खोटं निघालं की उरलेल्याकडेही संशयाने पाहावं लागतं.

“जेवायचं नाही का?” हमीदनी विचारलं.

“मांजर कुणालाच हार जात नाही हो.”

“मग तिला दमव. आमची जुनी बस घाटात दमायची, तेव्हा सायकलवाला पण पुढे जायचा.”

हे ते नेहमीसारखं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले आणि ताट मांडायला गेले. पण नसीमबाईंचं जेवणातलं लक्ष उडालं. मांजर दमली होती. त्या दिवसांत खरंच दमली होती. आणि खेळाचं ते टुणटुण संगीतही तेव्हा वेगळं वाजायचं, लग्नातून परतणाऱ्या बँडसारखं, ओढत ओढत. त्यांनी फोन काढला, वेग आणखी खाली नेला आणि डोळे मिटून नुसतं ऐकत राहिल्या. टुणटुण रेंगाळलं. आणखी खाली. हेच ते. मांजर आता जेवून आल्यासारखी चालत होती. सहावं गोदाम गेलं, सातवं गेलं. शेवटच्या गोदामात एक पोतं उरलं आणि तिथे त्यांनी हात काढून घेतला, मांजरीला उंदीर खाऊ दिला. एकदा एकटीने पाहून झालं होतं. एकटीने पाहिलेल्या गोष्टीचं काय होतं तेही पाहून झालं होतं.

त्या दिवसांत मशीन का दमली होती, ते मात्र रविवारच्या बसमध्ये, स्वारगेटच्या सिग्नलला आठवलं. आठवल्यावर त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या बाईने पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली.

उपाहारगृहात त्यांनी फोन पाण्याच्या स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केला. “आधी तुम्ही, साहेब.”

मुजुमदारांनी चष्मा पुसला. वेग कारखान्यातलाच होता. खेळायची खोड गेली नव्हती. सहाव्या गोदामापर्यंत ते आले आणि मेले.

“झालं,” ते समाधानाने म्हणाले. “पुढे काही नाही.”

नसीमबाईंनी फोन घेतला, वेग खाली आणला, आणि मांजर चालू लागली तशी मुजुमदारांनी बशी वाजवली. “ही लबाडी आहे. आपली मशीन अशी नव्हती.”

“होती. खंडेनवमीनंतर.”

“खंडेनवमीचा काय संबंध?”

“कॉम्प्युटरची पूजा कोण करायचं, साहेब?”

टेबलावर सगळ्यांनी मुजुमदारांकडे पाहिलं. दर खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि कॉम्प्युटरची पूजा मुजुमदार स्वतः करायचे, सोवळं नसलं तरी तोंडावर सोवळ्याचा भाव आणून. झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. वेग बदलायला डब्याच्या पुढच्या बाजूला टर्बो नावाचं एक बटण असायचं. ते दाबलेलं असलं की मशीन पळायची, सुटलं की चालायची.

“कुंकू तुम्ही त्या बटणावरच लावलंत,” नसीमबाई म्हणाल्या. “अंगठ्याने, दाबून. देवाच्या कपाळासारखं तेच एक मधोमध होतं ना. बटण सुटलं. वर नारळाचं पाणी उडालं. तिथेच चिकटून बसलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“पगाराची छपाई लांबली नव्हती का त्या महिन्यात? वर्कर लोक घेराव घालायला आले होते.”

रुपालीबाईंनी कप खाली ठेवला. “अगं हो. मग तो सर्व्हिसवाला आला होता. टाचणीने कुंकू खरवडत बसला होता. म्हणाला, ‘पूजा करा, पण बाहेरून करा.’ साहेब त्याला चहा न देता बाहेर गेले होते.”

“चहा दिला होता मी,” मुजुमदार म्हणाले. त्यांनी एवढाच मुद्दा खोडून काढला यावरून सगळ्यांनी उरलेलं धरून घेतलं.

“तुमच्याच कुंकवाने पोचले मी तिथपर्यंत,” नसीमबाई म्हणाल्या. “आता बघा.”

त्या खेळू लागल्या. सगळी म्हातारी डोकी फोनवर वाकली. सातवं गोदाम गेलं. पोऱ्या बिल ठेवून गेला, कुणी हात लावला नाही. शेवटच्या गोदामात मांजर एकदा अगदी अंगाला घासून गेली तेव्हा मुजुमदारच “डावीकडे, अहो डावीकडे” म्हणाले. शेवटचं पोतं फुटलं. भिंतीत दार उघडलं. उंदीर पाठ फिरवून बाहेर पडला. बाहेर हिरव्या ठिपक्यांचं रान होतं आणि वर पांढरे ठिपके.

रुपालीबाईंनी नसीमबाईंच्या दंडाला हात लावला आणि तसाच ठेवला.

“पुढे?” मुजुमदारांनी विचारलं.

“माहीत नाही. तेव्हा दाराबाहेर तुमच्या चपला काढल्याचा आवाज आला. मी पटकन कॉम्प्युटरच बंद केला.”

या वेळी त्यांनी कशालाच हात लावला नाही. उंदीर रानात मधोमध गेला, थांबला, खाली बसला. सगळे वाट पाहत राहिले. मांजर आली नाही. पोतं आलं नाही. उंदीर शेपटी आवळून तसाच बसून राहिला, आणि रेंगाळतं टुणटुण पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.

“म्हणजे रिटायर झाला,” मुजुमदार म्हणाले.

गल्ल्यावरून मालकांनी पाटीकडे बोट दाखवलं. मुजुमदारांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पोऱ्याला बोलावून त्यांनी सगळ्यांसाठी पुन्हा चहा सांगितला, आणि फोन थोडा नसीमबाईंच्या बाजूला वळवला, त्यांना नीट दिसावं म्हणून.

“चांदण्या बऱ्याच आहेत हो,” ते म्हणाले. “तुम्ही कमीच सांगितल्या होत्यात.”