पार्किंगमधली विहीर

धायरीला सहलीसाठी कोणी जात नाही. मी गेले, कारण आठवीतल्या प्रणालीला मी भर वर्गात खोटं पाडलं होतं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

यंदा आमच्या शाळेने प्रत्येक विषयात एआय शिकवायचं ठरवलं. माझा विषय भूगोल. मुलांना सांगितलं, आपल्या परिसरातल्या पाण्याबद्दल एआयला विचारा, मग स्वतः जाऊन पडताळा आणि फरक लिहा. प्रणालीने लिहिलं, 'एआय म्हणतं, आमच्या गावठाणात आता विहीर उरली नाही. पण एक आहे. ती पार्किंगमध्ये आहे.' अख्खं उत्तर एआयनेच रचलंय, असं मी धरूनच चालले.

"विहिरीला स्टिकर आहे का गं? की व्हिजिटर्स पार्किंग?" मी विचारलं. वर्ग खदखदून हसला. वहीत मी लाल पेनाने शेरा मारला, 'पडताळणी केलेली नाही.'

तीन आठवड्यांनी एका रविवारी स्वारगेटहून धायरीची बस पकडली. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नंतर सिंहगडाला निघालेल्या गाड्यांमागे रखडावं लागतं. बसस्टॉपजवळ वडापाव गरम मिळाला, चहा मात्र पाणचट. गावठाणात इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खाली ऊनच पोचत नाही. तिसऱ्या इमारतीच्या वॉचमनकाकांना विचारलं, "इथे कुठे विहीर आहे का हो?"

"हाय की. या."

त्यांनी एक स्कूटर बाजूला ओढली. दोन गाड्यांच्या मधे लोखंडी जाळी होती आणि जाळीखाली काळं पाणी. त्यात बाटल्या तरंगत होत्या.

"आमाला टँकर येतोय, अन् ही अशी पडलीय," काका म्हणाले.

शेजारच्या खांबावर खडूच्या सहा रेघा होत्या, प्रत्येकीपुढे आकडा.

"हे काय?"

"वरच्या मजल्यावरची प्रणाली. दर रविवारी दोरी सोडून पाणी मोजायची. शाळेचं हाय म्हणायची. आता येत न्हाई. का, काय म्हाईत."

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. वर जाऊन बेल वाजवायचीही हिंमत झाली नाही. खांबाचा फोटो काढला आणि परतीची बस धरली. खूप लाज वाटत होती.

सोमवारी वर्गात उभी राहून म्हणाले, "विहीर आहे. मी बघून आले. चूक माझी होती. प्रणाली, माफ कर." कोणी हसलं नाही. तास संपल्यावर प्रणालीने वही पुढे केली.

"मी पुन्हा लिहिलंय, बाई."

'धायरी हा झपाट्याने विकसित होणारा परिसर असून...' दोन पानं, गुळगुळीत.

"हे एआयने लिहिलंय ना?"

"हो."

"आणि विहीर?"

"काढून टाकली. असं लिहिलं की कोणी हसत नाही, बाई."

ती वही आत्ता घरी माझ्यासमोर आहे. एकही वाक्य चुकीचं नाही. लाल पेनाला टोपण लावून मी ते बाजूला ठेवलं आहे.

तुमच्यापैकी कोणी धायरीला गेलंच, तर वॉचमनकाकांना सांगून तो खांब बघा. सातवी रेघ दिसली, तर मला कळवा.