डॉमनिकने पाहिलेला बर्फ

"खाली बस रे! पेंग्विन काय पालखी वाहतात?" मागून कोणीतरी ओरडलं आणि बोरीवलीच्या शाळेचं अख्खं सभागृह हसायला लागलं. व्यासपीठावर आम्ही दोघे होतो. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ पाहून, त्यावर झोपडीत राहून आला होता तो गोराईचा डॉमनिक, परदेशी बोटीवरचा स्वयंपाकी. बोलत मात्र मी होतो.

गेल्या महिन्यात डॉमनिक गेला. तिकडे ज्याला साधी शिंक आली नाही, तो गोराईत न्यूमोनियाने गेला... त्याच्या मेव्हण्याने बातमी सांगितली तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझी वाचा बसली. चार वर्षं आधी बसायला हवी होती.

१९५६ सालच्या त्या दिवशी पहिल्या रांगेत हवामानाचा अभ्यास करणारे एक सरकारी साहेब होते. इतर देश तिथल्या बर्फावर संशोधनाची ठाणी उभारत होते. आपलंही एक असावं, असं दिल्लीला लिहायचं साहेबांच्या मनात होतं आणि तिथे राहून आलेला आपला माणूस त्यांना हवा होता. डॉमनिकला त्या ठाण्यावर स्वयंपाकी म्हणून परत जायचं होतं. बायकोलाही त्याने तयार केलं होतं. मी फक्त त्याची ओळख करून द्यायची होती, दोन वाक्यांत.

पण दोन वाक्यांत मला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. डॉमनिकच्या गोष्टी कशा, तर झोपडीचं दार आत उघडणारं हवं, नाहीतर बाहेर बर्फ साचून माणसं कोंडतात. पिण्याचं पाणी वितळवायला स्वयंपाकापेक्षा जास्त रॉकेल लागतं. यावर कोण टाळी देणार? म्हणून मी गोरेगावपासून बोरीवलीपर्यंत लांब देवमासा सोडला, मग पेंग्विनांच्या खांद्यावर कप्तानाची पालखी दिली. शेवटी डॉमनिक उठला आणि दाराबद्दल सांगू लागला. लोक त्यालाही हसले. साहेबांनी वही मिटली, छत्री उचलली आणि ते निघून गेले.

आपलं ठाणं अजून झालेलं नाही. साहेबांनी दिल्लीला लिहिलं की नाही, कुणास ठाऊक. उद्या झालंच, तरी त्याचं दार कसं बसवायचं हे सांगायला डॉमनिक नाही...

त्या संध्याकाळी गोराईच्या होडीत मी त्याच्या शेजारी बसलो होतो. खाडी अर्धी ओलांडली. मी विचारलं, "अरे, मी थापा मारतोय हे कळत होतं ना तुला? मग मला थांबवलं का नाहीस?"

"तू बोलत होतास," डॉमनिक म्हणाला.