घोडीचं पथ्य

बी.एड. होऊन मी घरी बसले होते, त्या हिवाळ्यात आमची घोडी लंगडायला लागली.

घोडी म्हणजे तट्टूच. माझ्या खांद्याला लागेल एवढी, तांबूस रंगाची, पोटानं मात्र ऐसपैस. आमच्या रोहिणखेडच्या पलीकडे डोंगरात एक वस्ती आहे, तिथल्या शाळेवर वडील मास्तर होते. तेव्हा रस्ता नव्हता, वाटेत दोन नाले आडवे. चौदा वर्षं ते हिच्या पाठीवर गेले-आले. पुढे सडक झाली, वडील निवृत्त झाले आणि घोडीचीही नोकरी संपली. खाणं तेवढं चालू राहिलं. वडील तिला नुसतं 'बाई' म्हणत. सकाळी बाईला पोळी, दुपारी गुळाचा खडा आणि दिवसभर विहिरीच्या पाटाकाठचं हिरवं गवत. तिच्या मानेवर चरबीची टणक वळी आली होती. गावातले लोक कौतुकानं म्हणत, "मास्तरची घोडी पोसली मस्त."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती गोठ्यातून बाहेरच येईना. पुढचे पाय समोर ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहिली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खुरांना हात लावला, मानेची वळी दाबून पाहिली आणि इंजेक्शन दिलं.

"मास्तर, हे खाण्यानं झालं. खुराच्या आत सूज हाये."

वडिलांना पटेना. "खाऊन जनावर बिमार पडते काय? मी तं उपाशी मरणारं पाह्यलं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "थंडीत गवत वाढत नाही, पण दिवसभर ऊन खाते. त्याच्यात गोडी साचते. बैलाले चालते, हिले नाही. हिरवं बंद करा. वाळलं गवत द्या, तेबी पाण्यात भिजवून, वरचं पाणी फेकून. पण उपाशी नका ठेवू. एकदम बंद केलं तं त्यानंबी जाईन."

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या हाताले तेवढंच काम." अशी बाई माझ्याकडे आली.

नोकरीसाठी अर्ज पाठवून पाठवून मी कंटाळले होते. हे काम मला आवडायला लागलं. सकाळी घमेल्यात वाळलं गवत भिजत घालायचं. तासाभरानं पाणी चहासारखं व्हायचं, ते ओतून द्यायचं. पंधरा दिवसांनी बाई बरी चालायला लागली, तशी डॉक्टरांनी तिला घरामागच्या डोंगरउतारावर दोन तास सोडायची परवानगी दिली. तिथलं गवत वाळून पिवळं पडलेलं होतं. तरी तोंडाला मुसकं हवंच. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी पीक खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, तेच. त्यातून एकेक काडी कशीबशी ओठांत यायची. मी शाल पांघरून उन्हात बसायची. आई उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून द्यायची, त्या सोलत मी तिचं ते चिकाटीचं चरणं बघायची. मी जेवायला घरात गेले की तेवढा वेळ वडील तिच्यापाशी बसत. इतकी निवांत उन्हं मला नंतर कधी मिळाली नाहीत.

दर रविवारी मी तिच्या पोटाभोवती सुतळी लावून गाठ मारायची. पहिल्या दोन रविवारी गाठ तीन बोटं आत सरकली. मग गाठ जागची हलेना. तिसऱ्या आठवड्यात तर बाई पुन्हा पुढचा पाय उचलून धरायला लागली. मला काही कळेना. संध्याकाळी मुसकं धुताना त्याच्या तळाशी हरभऱ्याच्या घाट्यांची टरफलं सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जाते असं सांगून मी घरामागून फिरून आले. वडील उतारावर बसले होते. मुसकं सैल केलेलं, मांडीवर हरभऱ्याची जुडी. एकेक घाटा सोलून ते तिच्या ओठांशी धरत होते.

"बाबा, हे तुमी रोज देऊन राह्यले?"

"रोज नाही." मग हातातला घाटा सोलत म्हणाले, "दुपारचं."

"काऊन पण?"

त्यांनी सोललेला घाटा खाली ठेवला. मग जुडीकडे बघत म्हणाले, "मी लहान होतो तवा आमची गाय दुष्काळात खाली बसली ते उठलीच नाही. तिच्यापुढं टाकाले मूठभर कडबा नव्हता. आपल्या दावणीले कोणी भुकं राहणार नाही, हे मी तवाच ठरवलं. आन् तू हिचं तोंड बांधून ठेवते."

माझ्या तोंडाशी पुष्कळ तिखट उत्तरं आली होती. मी एवढंच म्हटलं, "तिच्या खुराले हात लावा."

त्यांनी वाकून हात लावला. खूर तापलेला होता. बाईनं अंग चोरून भार दुसऱ्या पायावर घेतला. वडिलांनी हात काढला नाही.

"मीच केलं हे," ते म्हणाले.

"तुमाले माहीत नव्हतं."

"डॉक्टरनं सांगतलं होतं ना. माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा गवत भिजून, निथळून तयार होतं. त्यानंतर ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. पाटाकाठाला त्यांनी काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. शेजारीण पोळी घेऊन आली की तिला दारातच थांबवून डॉक्टरांचं सगळं म्हणणं समजावून सांगत, वर्गात सांगावं तसं.

माघ सरता सरता बाई सुधारली. तिला रोज चालवायचं ठरलं, तशी वडिलांनी जुनीच वाट धरली. ते पुढे, बाई मधे, मी मागे. वस्तीवर पोचलो तर बायापोरं गोळा झाली. एक म्हातारी घरातून गुळाचा खडा घेऊन आली.

"बाईले पथ्य हाये," वडील म्हणाले.

"मंग मास्तरले नाही ना?" म्हातारीनं खडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी बाईकडे पाठ करून तो खाल्ला.

येताना नाल्यातल्या एका खडकावर आम्ही टेकलो. पहिल्या वर्षी इथेच पुरात ते कमरेपर्यंत अडकले होते आणि त्यांनी लगाम घट्ट धरला तसं बाईनं त्यांना ओढून काढलं होतं, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आईलाही माहीत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मला बुलढाण्याला नोकरी लागली. बाई त्यानंतर सहा हिवाळे जगली, पुन्हा लंगडली नाही. म्हातारपणानं गेली. वडिलांनी दुसरं जनावर आणलं नाही. आता थंडीत घरी गेले की आम्ही दोघं दुपारी त्या उतारावर जाऊन बसतो. गवत गुडघाभर वाढलेलं असतं. चरायला कोणी नाही. वडील बसल्या बसल्या एखादी काडी उपटतात, दातांत धरतात, आणि खाली गावाकडे बघत राहतात.